पाणी, तांबे आणि तराजू यांच्या साहाय्याने भट्टीचे तापमान मोजण्याची पद्धत

धारावीच्या कुंभारवाड्यातील आवा असो, झवेरी बाजारातील सोनाराची मूस तापवणारी भट्टी असो किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील बर्नर असो, या ठिकाणी काचेचा तापमापी नेऊन तापमान वाचणे शक्य नसते. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि प्रयोगशाळांत सर्रास मिळणारे तापमापी ११० किंवा फार तर ३६० अंशांपर्यंत आखलेले असतात. अशा वेळी भट्टीतील उष्णतेचा एक मोजका वाटा बाहेर आणून तो थंड पाण्यात सोडावा आणि पाणी किती तापले यावरून भट्टीचे तापमान काढावे, असा एक जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. एकोणिसाव्या शतकात सीमेन्स यांच्या नावाने ओळखले जाणारे जल-उत्तापमापक याच तत्त्वावर चालत असे. तांब्याचे एक नळकांडे भट्टीत तापवायचे आणि ठरावीक पाणी असलेल्या भांड्यात टाकायचे, एवढीच त्याची रचना होती. आज थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारा जोडून केलेला विजेवरून तापमान दाखवणारा संवेदक, स्वस्तात मिळते, तरीही ही पद्धत शिकण्यासारखी आहे. कारण तिच्यात प्रत्येक आकडा कोठून आला हे समोर दिसते आणि थर्मोकपल बिघडले असल्यास ते या पद्धतीने पकडताही येते.

दहावीच्या विज्ञानात शिकवले जाणारे उष्णता विनिमयाचे तत्त्व येथे पुरेसे आहे. बाहेरून उष्णता येत नसेल व बाहेर जात नसेल, तर उष्ण वस्तूने गमावलेली उष्णता ही थंड वस्तूने ग्रहण केलेल्या उष्णतेइतकी असते. म्हणून

ठोकळ्याचे वस्तुमान × ठोकळ्याची विशिष्ट उष्माधारकता × (भट्टीचे तापमान − अंतिम तापमान) = (पाण्याचे वस्तुमान + भांड्याचा जल-तुल्यांक) × ४.१८ × पाण्याच्या तापमानातील वाढ

असे समीकरण मिळते. ठोकळा म्हणजे भट्टीत तापवून पाण्यात सोडायचा धातूचा तुकडा, विशिष्ट उष्माधारकता म्हणजे त्या धातूच्या एका ग्रॅमचे तापमान एका अंशाने वाढवण्यास लागणारी उष्णता (पाण्यासाठी ती ४.१८ ज्यूल), आणि जल-तुल्यांक म्हणजे काय ते पुढे येईल. यात भट्टीचे तापमान सोडल्यास बाकी सर्व गोष्टी तराजू आणि साध्या तापमापीने मोजता येतात. आकडेमोड शाळकरी आहे. उत्तर बिघडते ते ठोकळ्याची उष्माधारकता चुकीची धरल्यामुळे आणि ठोकळा पाण्यात पडण्याच्या आसपासच्या काही सेकंदांतील निष्काळजीपणामुळे. पुढील बहुतेक सूचना या दोन गोष्टींभोवतीच आहेत.

ठोकळा कोणत्या धातूचा घ्यावा

सर्वांत सहज सुचणारी वस्तू म्हणजे लोखंडी नट किंवा बोल्ट, आणि नागदेवी स्ट्रीटवर तो हव्या त्या मापाचा मिळतो. तरीही लोखंड टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे. सामान्य तापमानाला लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता ०.४५ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश असते, पण तापमान वाढत जाते तशी ती भराभर वाढते, ७७० अंशांजवळ लोखंडाचे चुंबकत्व नाहीसे होते तेथे ती अतिशय उंच जाते, आणि ९१२ अंशांना त्याची स्फटिकरचनाच बदलते. परिणामी खोलीच्या तापमानापासून सुमारे ७०० अंशांपर्यंतची सरासरी ०.६२ च्या आसपास येते. पुस्तकातला ०.४५ हा आकडा घालून कोणी गणित केले, तर ७०० अंशांची भट्टी ९५० अंशांची दिसेल. शिवाय बाजारातील बहुतेक बोल्टांवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ९०७ अंशांना उकळते, त्याचा धूर श्वासावाटे गेल्यास ताप व थंडी भरते. पितळेतही जस्त असल्यामुळे तेही बाद समजावे. ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते, तेव्हा ते विचारातही घेऊ नये.

तांबे या कामाला उत्तम. ते १०८५ अंशांना वितळते, त्यामुळे साधारण ९५० अंशांपर्यंत ते निर्धास्तपणे वापरता येते, आणि त्याची उष्माधारकता तापमानाबरोबर वाढत असली तरी हळूहळू व सरळ वाढते. खोलीच्या तापमानाला ती ०.३८५ असते, खोलीच्या तापमानापासून ५०० अंशांपर्यंतची सरासरी ०.४१, ८०० अंशांपर्यंतची ०.४२ आणि १००० अंशांपर्यंतची ०.४३ च्या थोडी वर येते. एवढे चार आकडे वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवले की पुरे.

पायधुनीजवळच्या तांबाकाट्याच्या बाजारात किंवा धातूच्या कोणत्याही दुकानात तांब्याच्या भरीव कांबीचा तुकडा कापून मिळतो. दोन सेंटीमीटर व्यासाचा आणि त्याहून किंचित जास्त उंचीचा तुकडा सुमारे ६० ग्रॅम भरतो व तो या कामाला योग्य असतो. त्याला आरपार बारीक भोक पाडून घ्यावे आणि त्यातून नायक्रोमची पातळ तार ओवावी. ही तार लोहार चाळीत हीटरच्या कॉइलच्या रूपाने मिळते. ठोकळा सांडशीने उचलण्यापेक्षा तारेने उचलणे केव्हाही चांगले, कारण थंड सांडशीचा जबडा ठोकळ्याला टेकताक्षणी त्यातील उष्णता शोषून घेतो. तार मात्र जाड नसावी. ठोकळ्यासोबत तापून पाण्यात जाणारी तार अर्धा ग्रॅम असली, तरी उत्तरात सुमारे सात अंशांची भर पडते. म्हणून तेवढ्या तारेचे वजन करून तिची उष्णताही हिशेबात धरावी.

भांडे आणि पाणी

पाण्यासाठी उथळ पातेले घेऊ नये. अरुंद व उभे स्टीलचे भांडे घ्यावे. सात सेंटीमीटर व्यासाच्या भांड्यात ४०० ग्रॅम पाणी दहा सेंटीमीटरहून थोडे जास्त उंच उभे राहते, आणि या उंचीला फार महत्त्व आहे. ८०० अंशांचा ठोकळा पाण्यात शिरताच त्याच्याभोवती वाफेचे आवरण तयार होते. ठोकळ्यावर पुरेसे थंड पाणी असेल तर ही वाफ वर येता येताच पुन्हा पाण्यात विरते आणि तिची उष्णता पाण्यातच राहते. पाणी उथळ असेल तर तीच वाफ हवेत निसटते. काचेचे भांडे किंवा काचेच्या अस्तराचा थर्मास वापरू नये, तो तडकतो, प्लास्टिकही नको. भांड्याच्या तळापासून दोन सेंटीमीटर वर राहील अशी तारेच्या जाळीची छोटी बैठक आत ठेवावी, म्हणजे ठोकळा तळाला टेकून तेथील धातूला व खालच्या आवरणाला थेट तापवणार नाही. भांडे थर्मोकोलच्या खोक्यात घट्ट बसवावे आणि वरून भोक असलेले झाकण ठेवावे.

पाणी मापनपात्राने न मोजता तराजूवर तोलावे. स्वयंपाकघरात वापरतात तो एक ग्रॅमपर्यंत वाचणारा तराजू पाण्यासाठी कसाबसा चालतो, पण ठोकळ्यासाठी आणि वाफेच्या हिशेबासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा तराजू हवा. तापमापीही ०.१ अंशापर्यंत वाचता येणारा हवा. प्रिन्सेस स्ट्रीटवरील प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानांत तो मिळतो. वर सांगितलेल्या मापांत पाण्याच्या तापमानवाढीत ०.१ अंशाची चूक झाली, तर भट्टीच्या तापमानात सुमारे सात अंशांची चूक होते. एका अंशाच्या खुणा असलेला तापमापी घेऊन केलेली बाकीची सारी काळजी त्यामुळे वाया जाते.

भांडे, ढवळणी, जाळी आणि तापमापीचे टोक हेही पाण्याबरोबर तापतात, म्हणून ते सर्व मिळून किती ग्रॅम पाण्याच्या बरोबरीचे आहेत हे एकदा काढून ठेवावे लागते. यालाच जल-तुल्यांक म्हणतात. त्यासाठी भांड्यात खोलीच्या तापमानाचे २०० ग्रॅम पाणी घ्यावे, सर्व साहित्य त्यात ठेवावे, आणि साधारण ५० अंशांचे आणखी २०० ग्रॅम पाणी, ओतण्यापूर्वी त्याचे तापमान वाचून, त्यात मिसळावे. भांड्याने काहीच उष्णता घेतली नसती तर मिश्रण बरोबर मधल्या तापमानावर आले असते. प्रत्यक्षात ते थोडे खाली येते, आणि गरम पाण्याने गमावलेल्या उष्णतेतून थंड पाण्याने घेतलेली उष्णता वजा केली की उरलेली उष्णता भांड्याच्या वाट्याला गेली असे समजते. तिला ४.१८ ने आणि भांड्याच्या तापमानवाढीने भागले की जल-तुल्यांक ग्रॅममध्ये मिळतो. हे दोन-तीनदा करून सरासरी घ्यावी.

मुंबईच्या हवेसंबंधी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. उष्णतेची देवाणघेवाण टाळण्यासाठी पाणी खोलीपेक्षा थोडे थंड घेऊन सुरुवात करावी, म्हणजे अर्धा वेळ ते खोलीकडून उष्णता घेते व अर्धा वेळ खोलीला देते आणि दोन्ही चुका एकमेकींना खोडतात, ही युक्ती काउंट रम्फर्ड यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. कोरड्या हवेत ती उत्तम चालते. पण पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड पाणी उघड्या भांड्यात घेतले की भांड्याच्या बाहेरून दव जमते, ते जमताना आपली अप्रकट उष्मा भांड्याला देते आणि तराजूवर वजनही वाढवते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात फ्रिजमधील पाणी मिसळण्याचा मोह आवरावा आणि नळाचे किंवा माठाबाहेर ठेवलेले साधे पाणी वापरून नंतर थंड होण्याची दुरुस्ती करावी. डिसेंबर-जानेवारीत मात्र रम्फर्डची युक्ती येथेही बिनदिक्कत वापरावी. कोणत्याही ऋतूत प्रयोग चालू असताना पंखा बंद ठेवावा. धुरासाठी खिडकी उघडी हवी, पण वारा थेट भांड्यावर येऊ देऊ नये.

तापवणे आणि पाण्यात सोडणे

डोळ्यांवर संरक्षक चष्मा, हातात चामड्याचे हातमोजे, अंगात सुती कपडे आणि पायांत बंद बूट असावेत. सिंथेटिक कापडावर ठिणगी किंवा उकळते पाणी उडाल्यास ते त्वचेला चिकटते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग शिक्षकांच्या उपस्थितीत करावा, आणि दहा बाय दहाच्या खोलीत सिलेंडरच्या शेजारी भट्टी लावून तो करू नये.

ठोकळा आधी कोरडा तोलावा. भट्टीत तो ज्या जागेचे तापमान हवे त्याच जागी टांगावा. कुंभाराच्या आव्यात कडेचे आणि मधले तापमान एकसारखे नसते. मातीतील रासायनिक रीत्या बांधलेले पाणी सुमारे ५०० ते ६०० अंशांत निघून जाते, आणि त्याआधीच आवा विझला तर मडके पाण्यात विरघळते. त्यामुळे कडेच्या थराचे तापमान कळणे मधल्यापेक्षा जास्त उपयोगाचे ठरते. ठोकळा पुरेसा तापला हे ओळखण्याची खूण अशी की बंदिस्त भट्टीच्या छिद्रातून पाहिले असता तो मागच्या भिंतीपासून वेगळा दिसेनासा होतो. तो भिंतीपेक्षा काळसर दिसतो तोवर थांबावे. तो दिसेनासा झाल्यावरही आणखी पाच मिनिटे जाऊ द्यावीत, म्हणजे आतपर्यंत एकच तापमान होते.

उघड्या ज्योतीच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. ज्योतीत टांगलेला ठोकळा ज्योतीच्या तापमानाला पोहोचत नाही. ज्योतीकडून मिळणारी उष्णता आणि चहूबाजूंना प्रारणाने जाणारी उष्णता जेथे समान होतात तेथे तो थांबतो. घरगुती गॅसच्या ज्योतीचे आदर्श स्थितीतील तापमान १९०० अंशांच्या पुढे असते, पण तीत धरलेला ठोकळा लालच राहतो. तेव्हा या पद्धतीने बर्नरवर जे मोजले जाते ते ठोकळ्याचे तापमान आहे, ज्योतीचे नव्हे, आणि अहवालातही तसेच लिहावे. अंधारात धातू सुमारे ५२५ अंशांपासून अंधुक लाल दिसू लागतो, ही मर्यादा एका दृष्टीने उपयोगी पडते: ठोकळा स्पष्ट लाल असताना उत्तर ४५० आले, तर गणितात किंवा प्रयोगात चूक आहे हे लगेच समजते.

आता पाण्याचे तापमान ठोकळा टाकण्यापूर्वी पाच मिनिटे दर मिनिटाला नोंदवावे. मग भांडे भट्टीच्या शक्य तितके जवळ आणावे, पण भट्टीची झळ त्याला लागू नये म्हणून मध्ये पत्र्याचा पडदा ठेवावा; तो शेवटच्या क्षणी बाजूला करावा. एकाने ठोकळा काढावा व दुसऱ्याने झाकण उघडावे. एकट्याने हे काम करू नये. वर सांगितलेल्या मापाचा ठोकळा ८०० अंशांना हवेत दर सेकंदाला सुमारे पाच अंश गमावतो, त्यामुळे भट्टीपासून पाण्यापर्यंत तीन सेकंद लागले तर पंधरा अंश गेलेच. घाई करून पाणी सांडण्यापेक्षा हा वेळ मोजणे शहाणपणाचे. एकदा दोन सेकंदांत, एकदा चार सेकंदांत आणि एकदा सहा सेकंदांत ठोकळा सोडावा, तिन्ही उत्तरे आलेखावर मांडावीत आणि रेषा शून्य सेकंदापर्यंत मागे वाढवावी. तेथे जे तापमान वाचता येईल ते भट्टीतले. मोबाईलवर चित्रीकरण केल्यास सेकंद नंतरही मोजता येतात.

ठोकळा फेकू नये. तारेने सरळ खाली, पाण्याच्या मधोमध, जाळीवर जाईल असा सोडावा. सुरुवातीला वाफेच्या आवरणामुळे तो काही क्षण पाण्यात असूनही लाल दिसतो, मग आवरण फुटते आणि जोराचा चर्र आवाज होतो. आवाज थांबल्यावरच झाकणातून ढवळण्यास सुरुवात करावी आणि सर्वोच्च तापमान येईपर्यंत, व त्यानंतरही पाच मिनिटे, दर अर्ध्या मिनिटाला नोंद घ्यावी. नंतरच्या नोंदींवरून पाणी किती वेगाने थंड होत आहे हे कळते, आणि ती उताराची रेषा मागे नेऊन ठोकळा पाण्यात पडण्याच्या क्षणापर्यंत पोहोचवली की उष्णता न गमावता तापमान किती झाले असते ते मिळते.

शेवटी भांडे, पाणी, ठोकळा सर्व एकत्र पुन्हा तोलावे. या पायरीला अनेकजण फाटा देतात आणि माझ्या मते सर्वाधिक चुका तेथेच लपतात. २७ अंशांच्या एका ग्रॅम पाण्याची वाफ होऊन ती निघून गेली, तर ती सुमारे अडीच हजार ज्यूल उष्णता घेऊन जाते, आणि आपल्या मापांत तेवढ्याने उत्तर सुमारे शंभर अंशांनी कमी येते. एक ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. वजनात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त घट दिसली, तर ती वाफ होती की उडालेले थेंब होते हे नंतर ठरवता येत नाही. तो प्रयोग सोडून द्यावा व पाण्याची उंची वाढवून पुन्हा करावा. तांब्यावर काळा पापुद्रा धरतो व तो पाण्यात सुटतो, पण तो भांड्यातच राहत असल्याने एकत्रित वजनावर त्याचा परिणाम होत नाही. पुढच्या वेळी मात्र ठोकळा घासून नव्याने तोलावा.

एक सोडवलेले उदाहरण

समजा, ठोकळा ६० ग्रॅम, पाणी ४०० ग्रॅम, जल-तुल्यांक १२ ग्रॅम, सुरुवातीचे तापमान २७.५ अंश आणि दुरुस्ती करून आलेले अंतिम तापमान ३८.७ अंश आहे. वाढ ११.२ अंश. पाणी व भांडे यांनी घेतलेली उष्णता ४१२ × ४.१८ × ११.२, म्हणजे सुमारे १९,२९० ज्यूल. ती ६० ने भागली की प्रत्येक ग्रॅम तांब्याने सुमारे ३२१ ज्यूल दिले असे निघते.

आता ०.३८५ ने भागल्यास ठोकळा ८३५ अंशांनी थंड झाला असे दिसते आणि भट्टीचे तापमान ८७४ अंश येते. हे उत्तर अंतिम नव्हे, पहिला अंदाज आहे. त्यावरून भट्टी साधारण ८०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात आहे हे कळले, म्हणून आता त्या पट्ट्यातील सरासरी उष्माधारकता ०.४२ घ्यावी. ३२१ ला ०.४२ ने भागले की ७६५ आणि त्यात अंतिम तापमान मिळवले की ८०४ अंश. या नव्या उत्तरासाठीही सरासरी ०.४२ च राहते, म्हणजे गणित स्थिरावले. केवळ उष्माधारकतेचा योग्य आकडा घेतल्याने सत्तर अंशांचा फरक पडला. यात तारेची दुरुस्ती सात अंश खाली आणि हवेतील दोन सेकंदांची दुरुस्ती दहा अंश वर धरली की ८०७ अंश राहतात.

तापमापीतील ०.२ अंशाची शंका चौदा अंश आणते, उष्माधारकतेच्या सरासरीतील एक टक्क्याची शंका आठ अंश, आणि वाफेची शंका एका दशांश ग्रॅममागे दहा अंश. म्हणून उत्तर ‘८०७ अंश’ असे न लिहिता ‘८१० अंश, पंचवीस अंश कमी-अधिक’ असे लिहावे.

हे उत्तर पडताळून पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे वितळणाऱ्या धातूंच्या खुणा. शुद्ध ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा आणि शुद्ध चांदीचा कण लहान मुशींत घालून ठोकळ्याच्या शेजारी ठेवावेत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना आणि चांदी ९६२ अंशांना वितळते. वरच्या उदाहरणात ॲल्युमिनियम वितळलेले आणि चांदी तशीच राहिलेली दिसली पाहिजे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची कातडी असल्यामुळे ते वितळूनही आकार धरून ठेवते, तेव्हा थंड झाल्यावर सळईने टोचून व दाबून पाहावे. चांदी दागिन्यातली असेल तर तिच्यात तांबे मिसळलेले असते आणि ती बरीच आधी वितळते, म्हणून सोनाराकडून शुद्ध चांदीचाच कण मागून घ्यावा.